खरेदीदारानं कार्बनचा हिशोब मागितलाय: सोलापूरच्या कारखान्यात पहिल्या वर्षी काय करायचं

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या किंवा चिंचोळीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात तुम्ही नवीन लागला आहात. एक्स्पोर्टची कागदपत्रं बघता, थोडं अकाउंट बघता. एक दिवस खरेदीदाराची मेल येते: तुमचं स्कोप १ आणि स्कोप २ उत्सर्जन कळवा, आधारवर्ष सांगा, २०३० चं उद्दिष्ट सांगा. मालक ती मेल तुमच्याकडे पाठवतात आणि म्हणतात, "तू बघ हे." हा लेख तुमच्यासाठी आहे. मेलमधले शब्दही पुढे उलगडतो. चादरीचा कारखाना असो, गणवेशाचं युनिट असो किंवा प्रोसेस हाऊस, रीत हीच आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी गाडी इथेच चुकीच्या रस्त्याला लागते. मेलमध्ये उद्दिष्टाचा रकाना ठळक असतो, म्हणून लोक आधी तो भरतात. "२०३० पर्यंत ३० टक्के कपात" असं लिहून मोकळे होतात. कशाच्या ३० टक्के, ते कुणालाच माहीत नसतं. उद्दिष्ट शेवटी येतं. आधी वर्षभराची वीजबिलं, कोळशाच्या काटा पावत्या आणि डिझेलची बिलं एका जागी यायला हवीत. ज्या आकड्यामागे कागद नाही तो आकडा बाहेर पाठवायचा नाही, एवढा एक नियम पाळलात तरी पहिलं वर्ष नीट पार पडेल.

हे मागतं कोण आणि कशासाठी

परदेशी ब्रँडनी स्वतःची उद्दिष्टं जाहीर केलेली असतात आणि त्यांच्या उत्सर्जनाचा मोठा भाग त्यांच्या दुकानांत नव्हे, तर माल बनतो तिथे, म्हणजे आपल्यासारख्यांच्या बॉयलरमध्ये आणि मागांवर होतो. त्यामुळे ते विचारणारच. कपड्यांच्या धंद्यातले बरेच खरेदीदार हिग इंडेक्स या पर्यावरणविषयक प्रश्नावलीचा कारखान्यासाठीचा भाग भरायला लावतात, त्यातही हेच प्रश्न असतात. देशातूनही विचारणा वाढते आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना सेबीनं २०२२-२३ पासून बीआरएसआर हा अहवाल सक्तीचा केला. व्यवसायाची जबाबदारी आणि पर्यावरण यांचा हिशोब त्यात द्यावा लागतो. एखाद्या मोठ्या हॉटेल कंपनीला तुम्ही नॅपकिन देत असाल, तर तिचा प्रश्नही कधीतरी येईल.

युरोपच्या कार्बन कराची भीती मात्र टॉवेलवाल्यांनी सध्या धरू नये. सीबीएएम नावाची ती व्यवस्था सिमेंट, लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि वीज यांना लागू आहे. त्यात कापड नाही. लोखंडी मालाची निर्यात करणाऱ्यांनी मात्र आपला माल त्या यादीत बसतो का ते जरूर तपासावं.

हिशोबाचे नियम बहुतेक सगळे एकाच ठिकाणाहून घेतात: जीएचजी प्रोटोकॉल (जीएचजी म्हणजे हरितगृह वायू). त्याचं कंपन्यांसाठीचं मानक २००१ मध्ये आलं, सुधारित आवृत्ती २००४ मध्ये. आयएसओ १४०६४-१ हे मानकही त्याच्याशी जुळतं. स्कोप १ म्हणजे तुमच्या आवारात किंवा तुमच्या गाडीत जे जळतं आणि जो वायू गळतो ते. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज किंवा वाफ. स्कोप ३ म्हणजे उरलेलं सगळं: सूत, बाहेर दिलेली रंगाई, मालवाहतूक, कचरा. त्याचे १५ प्रकार केलेले आहेत. सगळे वायू एकाच मापात आणतात, त्याला कार्बन डायऑक्साइड सममूल्य म्हणतात. पुढे उत्सर्जनाबद्दल बोलताना मी नुसतं "टन" किंवा "किलो" म्हणेन तिथे तेच समजा.

हद्द ठरवा, आणि ती लिहून ठेवा

सोलापुरात हा भाग पुस्तकात लिहिला आहे त्याहून अवघड आहे. एका शेडमध्ये दोन भावांच्या दोन फर्म असतात, जीएसटी नंबर वेगळे, वीज मीटर एकच. वार्पिंग एका नावावर, विणाई दुसऱ्या नावावर, एक्स्पोर्ट तिसऱ्या. काही माग भाड्यानं दिलेले असतात. मग हिशोब नेमका कुणाचा?

जीएचजी प्रोटोकॉल तीन मार्ग देतो: मालकीच्या हिश्श्यानुसार, आर्थिक नियंत्रणानुसार किंवा कामकाजाच्या नियंत्रणानुसार. माझं मत स्पष्ट आहे: लहान-मध्यम कारखान्यानं कामकाजाचं नियंत्रण धरावं. बॉयलर किती वाजता पेटवायचा, कोणती मशिनरी चालवायची, हे जिथे तुमचे मालक ठरवतात ती जागा तुमच्या हद्दीत. मीटर सामाईक असेल तर एक सब-मीटर बसवून घ्या. तोपर्यंत मागांची संख्या आणि शिफ्टचे तास यांवरून विभागणी करा आणि ती रीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी हीच रीत वापरायची आहे. दरवर्षी रीत बदलली तर आकडे वर-खाली होतील आणि त्यात काम किती आणि कागद किती, हे कुणालाच सांगता येणार नाही.

एक पान पुरे: कोणती फर्म, कोणता प्लॉट, कोणता ग्राहक क्रमांक आत, काय बाहेर, आणि का. मालकांची सही घ्या.

आवारातून एक फेरी मारा

कॉम्प्युटरसमोर बसून यादी होत नाही. मेन्टेनन्सचा माणूस सोबत घ्या आणि गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत चाला. काय जळतं? बॉयलर, थर्मिक फ्लुइड हीटर, जनरेटर, कँटीनची शेगडी, टेम्पो, मालकांची कंपनीच्या नावावरची गाडी. काय गळतं? एसी, पाण्याचा कूलर, कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक सिलिंडर. सांडपाणी प्रकल्पात हवा न लागता गाळ कुजत असेल तर तिथून मिथेन निघतो. वीज कुठून येते? महावितरण, छतावरचं सोलर, की बाहेरच्या सौर प्रकल्पाशी केलेला करार?

फेरीत लोकांशी बोला. बॉयलरवरच्या माणसाला जे माहीत असतं ते ऑफिसातल्या कुठल्याच फायलीत नसतं. वाफ कुठे वाया जाते आणि कोणत्या महिन्यात कोळसा ओला येतो, हे तो पाच मिनिटांत सांगेल.

वीजबिल वाचायला शिका

बहुतेक यंत्रमाग युनिटांचा स्कोप २ हा एकाच कागदावर असतो. त्या कागदावर चुकायच्या जागाही बऱ्याच आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

एचटी, म्हणजे उच्चदाब, ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर होते. त्यात प्रत्यक्ष काम न करणारी वीजही धरलेली असते. बिलाचे पैसे त्या आकड्यावर ठरतात, म्हणून डोळा तिकडेच जातो. कार्बनच्या हिशोबाला मात्र केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली युनिटं लागतात. दोन्ही आकडे बिलावर असतात. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) ०.९५ असेल तर केव्हीएएचचा आकडा सुमारे ५ टक्क्यांनी मोठा असतो. तो चुकून घेतला तर स्वतःचं उत्सर्जन फुकटचं फुगतं.

दुसरं, बिलावरचा गुणक अवयव (मल्टिप्लाइंग फॅक्टर). मीटरवरच्या रीडिंगमधला फरक म्हणजे युनिटं नव्हेत, त्याला गुणक अवयवानं गुणावं लागतं. स्वतः मीटरचे फोटो काढून नोंद ठेवत असाल तर हे विसरू नका. तिसरं, एखाद्या महिन्याचं बिल सरासरीवर आलेलं असतं आणि पुढच्या महिन्यात दुरुस्ती येते. वर्षाची बेरीज करताना दोन्ही महिने एकत्र बघा. चौथं, बिलाचा महिना आणि वापराचा महिना यांत अंतर असतं. एप्रिल ते मार्च धरायचं तर रीडिंगच्या तारखा बघा, बिलाच्या नव्हे.

सोलर असेल तर आणखी एक जागा आहे. नेट मीटरिंगच्या बिलात ग्रिडकडून घेतलेली युनिटं आणि ग्रिडला दिलेली युनिटं वजा होऊन निव्वळ आकडा येतो. पैसे निव्वळ आकड्यावर द्यायचे, पण स्कोप २ साठी ग्रिडकडून घेतलेली सगळी युनिटं धरायची. दिलेली युनिटं त्यातून वजा होत नाहीत. छतावर तयार होऊन आवारातच वापरलेल्या विजेचं उत्सर्जन शून्य, आणि तो फायदा तुम्हाला आपोआप मिळालेला असतोच, कारण तेवढी वीज तुम्ही विकत घेतलेली नाही.

युनिटांना गुणायचा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडसाठी प्रसिद्ध करतं. २०२३-२४ साठी तो एका युनिटला ०.७२७ किलो होता. तुमच्या वर्षाचा ताजा आकडा त्यांच्याच प्रकाशनातून घ्या आणि कोणत्या आवृत्तीतला ते नोंदवा.

सोलापुरात हमखास विचारला जाणारा प्रश्न: "फताटेवाडी-आहेरवाडीला एनटीपीसीचा प्रकल्प शेजारीच आहे, मग आपली वीज सगळी कोळशाचीच धरायची का?" नाही. ६६० मेगावॉटचे दोन संच आपल्या जिल्ह्यात असले तरी त्यांची वीज ग्रिडमध्ये जाते आणि आपण ग्रिडमधून घेतो. म्हणून देशाची सरासरी धरायची. तसंच, जवळ पवनचक्क्या असणाऱ्यालाही शून्य धरता येत नाही.

हरित वीज करारानं किंवा प्रमाणपत्रं घेऊन वापरत असाल तर स्कोप २ चे दोन आकडे द्यायचे: एक ग्रिडच्या सरासरीवर, दुसरा तुमच्या करारानुसार. २०१५ च्या स्कोप २ मार्गदर्शिकेत हा नियम आहे. फक्त छोटा आकडा दाखवून मोठा लपवला तर तपासणीत ते पहिल्याच दिवशी उघडं पडतं.

कोळसा, लाकूड, डिझेल

इंधनात सगळ्यांत मोठी चूक म्हणजे खरेदीलाच वापर समजणं. मार्चअखेर स्वस्त मिळाला म्हणून दोन गाड्या कोळसा जास्त घेतला, तर तो या वर्षी जळलेला नाही. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, हे सूत्र अकाउंटवाल्यांना सांगावं लागत नाही. फक्त साठा कुणीतरी मोजायला हवा. ३१ मार्चला कोळशाच्या ढिगाचा फोटो आणि मापं घेऊन ठेवा.

कोळशाला एकच ठरावीक गुणक (इंधनाच्या मापाला गुणून उत्सर्जन काढायचा आकडा) नाही, कारण कोळशा-कोळशात उष्मांक बदलतो. पुरवठादाराकडून चाचणी अहवाल मागा. भारतात साधारण वापरला जाणारा, किलोला ४००० किलोकॅलरी निव्वळ उष्मांकाचा कोळसा धरला तर एका टनात १६.७५ गिगाज्यूल उष्णता होते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक मंडळाचा सब-बिट्युमिनस कोळशाचा गुणक गिगाज्यूलला ९६.१ किलो आहे. गुणाकार केला की टनाला साधारण १.६१ टन. आयात कोळशाचा उष्मांक जास्त, म्हणून त्याचा आकडाही मोठा येतो, पण तो कमी लागतो. अहवालात ढोबळ उष्मांक दिला आहे की निव्वळ, हे नक्की बघा. हा गुणक निव्वळ उष्मांकासाठी आहे.

लाकूड, बगॅस किंवा ब्रिकेट जाळणाऱ्यांना वाटतं आपलं उत्सर्जन शून्य. तसं नाही. झाडापासून आलेल्या इंधनाचा कार्बन डायऑक्साइड स्कोपच्या बाहेर, पण अहवालात वेगळ्या ओळीत दाखवावाच लागतो. त्याच धुरातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड स्कोप १ मध्ये येतात. आकडा लहान असतो, पण शून्य नसतो. शिवाय लाकूड कुठून आलं याला आपल्यासारख्या कोरड्या जिल्ह्यात फार महत्त्व आहे. वेडी बाभूळ तोडली की पुन्हा फुटते. बांधावरचा पन्नास वर्षांचा लिंब तोडला तर तो आपल्या हयातीत परत येत नाही. कागदावर दोन्ही लाकडं सारखी दिसतात, म्हणून लाकडाच्या बिलावर झाडाची जात आणि ते कुठल्या गावचं, हे लिहून घ्या. खरेदीदारानं मागितलं नसलं तरी घ्या.

डिझेलचा हिशोब सोपा: लिटरला सुमारे २.६८ किलो. पेट्रोल लिटरला सुमारे २.३१. एलपीजी किलोला सुमारे २.९८, म्हणजे १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर साधारण ५७ किलो. जनरेटरचं आणि टेम्पोचं डिझेल वेगळं लिहा. जनरेटरवर तासांचा मीटर असतो, तो दर महिन्याला वाचला की लिटरचा आकडा पडताळता येतो.

एसीचा गॅस भरणाऱ्याच्या बिलावर गॅसचं नाव आणि किती किलो भरला ते लिहून घ्या. आर-३२ चा एक किलो आयपीसीसीच्या पाचव्या अहवालानुसार ६७७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. जुन्या एसीत आर-२२ असतो. तो ओझोनचा थर वाचवण्याच्या माँट्रियल कराराखाली येतो, म्हणून स्कोप १ मध्ये न धरता वेगळा दाखवतात.

बेरीज करून बघू

समजा, रंगाईचा स्वतःचा बॉयलर असलेला एक टॉवेल कारखाना आहे आणि वर्षाला ४०० टन माल काढतो. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.

कोळसा ३०० टन, गुणिले १.६१: ४८३ टन.
डिझेल ६००० लिटर: १६.१ टन.
कँटीनचे १२ सिलिंडर: ०.७ टन.
आर-३२ गॅस दीड किलो: १ टन.
स्कोप १ एकूण सुमारे ५०१ टन.
वीज ३,६०,००० युनिटं, गुणिले ०.७२७: स्कोप २ सुमारे २६२ टन.
दोन्ही मिळून ७६३ टन. किलोभर टॉवेलमागे १.९ किलो.

या बेरजेकडे दोन मिनिटं बघत बसा. दहापैकी सहा हिस्से कोळशाचे, तीनहून थोडे जास्त विजेचे, उरलेलं सगळं मिळून दोन-अडीच टक्के. चर्चा मात्र बहुधा एसी, एलईडी आणि कागद वाचवण्याची होते. एसीच्या गॅसचं बिल सापडलं नाही म्हणून आठवडा घालवू नका. कोळशाच्या वजनात आणि उष्मांकात चूक नाही ना, यावर तो आठवडा लावा.

बॉयलर नसलेल्या, फक्त विणाई करणाऱ्या युनिटाचं चित्र उलटं असेल: वीज जवळजवळ सगळं, आणि कोळसा स्कोप ३ मध्ये, ज्याच्याकडे रंगाई दिली त्याच्या बॉयलरखाली.

स्कोप ३: सगळं नको, पण सूत आणि रंगाई हवी

पंधराच्या पंधरा प्रकार पहिल्या वर्षी करायला बसलात तर एकही नीट होणार नाही. टॉवेल-चादरीच्या धंद्यात दोन जागा मोठ्या आहेत.

पहिली, बाहेर दिलेली रंगाई. प्रोसेस हाऊसवाल्यांकडे जाऊन तीन आकडे मागा: वर्षाचा कोळसा किंवा लाकूड, वर्षाची वीज, आणि वर्षभरात किती किलो माल रंगवला. त्यांनी समजा १००० टन कोळशात १६०० टन माल काढला आणि त्यात तुमचा ८० टन होता, तर तुमचा वाटा ५ टक्के, म्हणजे ५० टन कोळसा, म्हणजे साधारण ८० टन. रीत ढोबळ आहे, पण रुपयांवरून काढलेल्या अंदाजापेक्षा शंभर पटीनं बरी. तोच कोळसा त्यांच्या स्कोप १ मध्येही असतो. ती दुबार मोजणी नव्हे, ही पद्धतच तशी आहे. आकडा मागताना बऱ्या शब्दांत मागा, कारण बऱ्याच प्रोसेस हाऊसना वाटतं की हा कुठल्यातरी खात्याचा चौकशीचा प्रकार आहे. मागच्या वर्षाची तुमची पत्रकं दाखवा, कशाला लागतं ते सांगा.

दुसरी जागा, सूत. कापसाच्या शेतातलं नत्रखत आणि सूतगिरणीची वीज त्यात दडलेली असते. गिरणीकडून किलोमागे किती युनिटं लागतात एवढं तरी मिळवा. कापसाचा आकडा सध्या प्रसिद्ध माहितीसंचातून घ्यावा लागेल. तो तसा घेतला आहे, हे नोंदवा.

वाहतूक तुलनेनं किरकोळ निघते. न्हावाशेवापर्यंत साधारण ४०० किलोमीटर, ट्रक लिटरला ४ किलोमीटर देत असेल तर १०० लिटर, २६८ किलो. ट्रान्सपोर्टवाल्याकडून फेऱ्यांची संख्या घेतली की झालं. विमानानं नमुने पाठवत असाल तर ते मात्र वेगळे मोजा, वजन कमी असलं तरी तिथे उत्सर्जन चटकन वाढतं.

आता उद्दिष्ट

हिशोब नीट जमलेलं पहिलं वर्ष हेच तुमचं आधारवर्ष, म्हणजे पुढची वर्षं ज्याच्याशी ताडून बघायची ते वर्ष. ते वर्ष विचित्र नसावं. संपामुळे किंवा मंदीमुळे दोन महिने माग बंद होते असं वर्ष आधाराला घेतलं तर पुढे प्रत्येक वर्ष वाढच दाखवेल.

उद्दिष्टं दोन प्रकारची असतात. एकूण उत्सर्जन कमी करायचं, किंवा किलोमागचं उत्सर्जन कमी करायचं. भारत सरकारचं २०३० चं वचन दुसऱ्या प्रकारचं आहे: जीडीपीच्या प्रमाणात उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी. वाढत्या कारखान्याला किलोमागचं उद्दिष्ट सोयीचं वाटतं आणि रोजच्या कामात तेच उपयोगी पडतं. पण वातावरणाला एकूण टन कळतात, म्हणून दोन्ही आकडे लिहा. उत्पादन घटलं म्हणून टन घटले, तर ती कपात नव्हे. किलोमागचा आकडा शेजारी असला की ते लगेच दिसतं.

किती कपात धरायची? खरेदीदार बहुधा एसबीटीआयच्या, म्हणजे कंपन्यांची हवामान-उद्दिष्टं तपासणाऱ्या संस्थेच्या, निकषांचं नाव घेतात. तापमानवाढ १.५ अंशांत रोखायच्या हिशोबानं त्यांची मूळ मोजपट्टी स्कोप १ आणि २ च्या एकूण उत्सर्जनात आधारवर्षाच्या किमान ४.२ टक्के दरवर्षी, दहा वर्षांत ४२ टक्के, अशी आहे. लहान उद्योगांसाठी त्यांचा वेगळा, सोपा मार्ग आहे. नोंदणी करायची असेल तर आधारवर्षाचे आणि कंपनीच्या आकाराचे त्यांचे चालू नियम आधी वाचा. वरच्या कारखान्यासाठी ४.२ टक्के म्हणजे वर्षाला ३२ टन.

३२ टन कुठून येतील, हे ठरल्याशिवाय मालकांची उद्दिष्टावर सही घेऊ नका. बघा, जमतं: बॉयलरमध्ये सोडायच्या पाण्याचं तापमान दर ६ अंशांनी वाढलं की इंधनात साधारण १ टक्का बचत होते. गरम कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) गटारात सोडण्याऐवजी टाकीत परत आणून पाणी ३० वरून ६० अंशांवर नेलं, तर ५ टक्के, म्हणजे १५ टन कोळसा वाचतो. उत्सर्जनात २४ टन. पहिल्या वर्षाचं तीन-चतुर्थांश काम एका पाइपलाइननं झालं, आणि कोळशाचे पैसे वाचले ते वेगळेच. वाफेच्या उघड्या पाइपांना लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) केलं, बिघडलेले स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) बदलले की उरलेलंही आवाक्यात येतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असताना त्या उघड्या पाइपांशेजारी जी माणसं उभी असतात, त्यांच्यासाठीही हे पहिलं काम असायला हवं.

मग सोलर. आपल्याकडे १ किलोवॉट पॅनेल वर्षाला साधारण १४०० युनिटं देतं. १०० किलोवॉट बसवलं आणि सगळी वीज आवारातच वापरली, तर १,४०,००० युनिटं, म्हणजे जवळपास १०२ टन. तीन वर्षांचं उद्दिष्ट एका छतावर. शेडचे पत्रे आणि कैच्या वजन पेलतील का, हे मात्र इंजिनिअरकडून आधी तपासून घ्या.

जे कपात म्हणून धरू नये त्यातली दोन कामं सांगतोच. बॉयलर बंद करून रंगाई बाहेर दिली, तर स्कोप १ कोसळतो, पण कोळसा दुसऱ्याच्या आवारात जळतोच आहे. अशा वेळी आधारवर्षाचा आकडाही नव्यानं मांडायचा असतो. आणि झाडं. झाडं जरूर लावा, सोलापूरला त्यांची गरज आहे, पण ती बेरजेतून वजा करू नका. एसबीटीआय अशा उद्दिष्टांत विकत घेतलेली कार्बन क्रेडिटंही धरत नाही. टॉवेलच्या पॅकिंगवर "कार्बन न्यूट्रल" छापायचा मोह होईल. हरित दाव्यांबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आहेत आणि पुराव्याशिवाय असा दावा करता येत नाही.

दर महिन्याची नोंद

साधी एक्सेल शीट पुरते. महिना, युनिटं, कोळसा, डिझेल, गॅस, उत्पादन किलोत, आणि एक रकाना माहिती कशी मिळाली याचा: मोजून, बिलावरून की अंदाजानं. अंदाज असेल तर तो कशावरून केला. कागदाचा फोटो त्याच महिन्याच्या फोल्डरमध्ये. महागडं सॉफ्टवेअर विकायला येणारे येतील. वर्षभर शीट नीट भरली गेली तरच त्यांच्याशी बोला.

नोंद दर महिन्याच्या १० तारखेच्या आत करा. वर्षाच्या शेवटी एकदम करायला बसलात तर पावत्या सापडत नाहीत आणि अंदाजाचा रकाना फुगतो. किलोमागे कोळसा किती लागला, हा एक आकडा दर महिन्याला बॉयलरच्या खोलीत फळ्यावर लिहा. अचानक वाढला तर कारण तिथेच कळतं: कोळसा ओला होता, ट्रॅप गेला, की लहान लॉट रंगवले. हे काम एका माणसाच्या नावावर असू द्या आणि तो रजेवर गेला तर कोण करणार, तेही ठरवा.

खरेदीदाराला उत्तर

पहिल्या उत्तरात इतकं असावं: कोणती हद्द धरली, कोणतं वर्ष, स्कोप १ आणि २ चे आकडे, गुणक कुठले आणि कोणत्या सालचे, स्कोप ३ मधलं काय केलं आणि काय राहिलं. राहिलेलं लपवू नका. "यंदा रंगाई आणि सूत घेतलं, वाहतूक पुढच्या वर्षी" असं लिहिलेलं उत्तर जाणकार खरेदीदाराला भरलेल्या पंधरा रकान्यांपेक्षा भरवशाचं वाटतं. आकडे बाहेरच्या तपासनिसाकडून पडताळले नसतील तर "पडताळणी झालेली नाही" असं स्पष्ट लिहा.

मुदत अपुरी असेल तर ती संपण्याआधी मेल करा. बारा महिन्यांची वीज आणि इंधन तयार आहे, ते सोबत जोडलं आहे, उद्दिष्टासाठी सहा आठवडे हवेत, कारण बॉयलरचं एनर्जी ऑडिट व्हायचं आहे, असं कळवा. आणि ऑडिटवाल्याला त्याच दिवशी फोन करून तारीख घ्या.